पडलेलं फूल, तोडलेलं फूल

जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहू नये, हे मराठी घरात मुलांच्या कानावर फार लवकर पडतं. त्याच घरात आश्विनातल्या पहाटे त्याच मुलांच्या हातात परडी देऊन त्यांना प्राजक्ताखाली पाठवलं जातं, कारण प्राजक्ताचं फूल पडलेलंच वाहायचं असतं. बकुळीलाही बहुतेक घरांत हीच सवलत आहे. नियम एक, अपवाद दोन, एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण मुंबईच्या उपनगरांत पाऊस सरल्यावरचे दोन महिने घरच्या बागेकडे, म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधल्या पाच-सात कुंड्यांकडे आणि खाली कंपाउंडमधल्या दोन-चार झाडांकडे जरा नीट पाहिलं, की या अपवादामागचा जुना आणि अजूनही न मिटलेला वाद दिसू लागतो. देवासाठी का होईना, झाडावरचं फूल तोडायचा अधिकार माणसाला कुणी दिला?

प्रश्न पोथीतला वाटेल, पण अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात तो रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा असतो. मॉर्निंग वॉकला निघालेल्यांपैकी काहींच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते, एखाद्याकडे टोकाला आकडा लावलेली काठी. भिंतीबाहेर झुकलेली जास्वंद, तगर, कण्हेर उजाडायच्या आत साफ होते. तळमजल्यावरच्या ज्या काकूंनी ते झाड लावून वाढवलं, त्यांच्या देवाला त्या दिवशी फुलपुडीतली चार शिळी फुलं मिळतात. वॉचमनला विचारावं तर तो म्हणतो, देवाचं नाव सांगतात, अडवणार कसं? मग 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लागते. तिचा उपयोग साधारण 'येथे थुंकू नये' या पाटीइतकाच होतो.

आता जरा हवेकडे वळू. हवामान खात्याने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस 8 ऑक्टोबरच्या सुमारास परततो. जून ते सप्टेंबरात सांताक्रूझच्या वेधशाळेत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी मोजलं जातं आणि मग आठ-पंधरा दिवसांत नळ बंद केल्यासारखं सगळं थांबतं. ऑक्टोबरची दुपार मे महिन्याच्या तोडीची तापते. कुंडीच्या बाहेरच्या अंगावरचं हिरवं शेवाळ करडं पडून पापुद्र्यांसारखं सुटतं. भिंतीच्या भेगेतले नेचे करपतात. भाद्रपदात गौरीपुढे मिरवलेल्या तेरड्याला आता टपोऱ्या शेंगा लागलेल्या असतात. त्यातली पिकलेली शेंग बोटाने नुसती दाबली, तरी ती तडकून आत वळते आणि बिया शेजारच्या कुंडीपर्यंत उडतात. जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसू लागतो. कुंडीत न लावता उगवलेला माका एरवी तण म्हणून उपटला जातो, पण पितृपक्षात श्राद्धासाठी त्याचीच शोधाशोध होते.

इंग्रजी चित्रांवर वाढलेल्या मनाला शरद म्हटलं की पिवळी पानं गळताना दिसतात. मुंबईत तसलं काही होत नाही. इथली पानगळ फेब्रुवारी-मार्चची, पिंपळ-पांगाऱ्याची. शंभर वर्षांचं आयुष्य मागताना वैदिक ऋषींनी ते शंभर शरदांत मोजलं. उतरणीच्या ऋतूत कुणी आयुष्य मोजत नाही. इथल्या शरदात झाडावरून खाली येतं ते पान नव्हे, फूल. प्राजक्ताचं.

श्रावणाच्या अखेरीपासून प्राजक्त फुलू लागतो आणि आश्विनात तो भरात असतो. कळी संध्याकाळी उमलते, रात्रभर दरवळते आणि उजाडता उजाडता फूल गळून पडतं. खाली मातीऐवजी आता पेव्हर ब्लॉक असतात, नाहीतर कुणाच्या तरी गाडीचं टप. कित्येक फुलं केशरी देठ वर करून पालथी पडलेली असतात. एक फूल उचलून त्या देठाच्या टोकाशी पाहावं. तो देठ म्हणजे खरं तर पाकळ्यांचीच जुळून झालेली नळी. आत तोंडाशी पुंकेसर चिकटलेले दिसतात. टोक मात्र मोकळं असतं. बीजकोश फुलासोबत आलेला नसतो, तो वर फांदीवरच राहिलेला असतो. रात्री पतंग येऊन गेलेले असतात, परागीभवन व्हायचं ते झालेलं असतं. पुढे त्या जागी चपटं, नाण्यासारखं फळ धरतं आणि त्यात दोन बिया. म्हणजे सकाळी परडीत आलं ते झाडाने काम आटोपून टाकून दिलेलं वस्त्र. ते उचलणाऱ्याने झाडाकडून काहीच घेतलेलं नसतं.

हा अपवाद ठरवणाऱ्या कुणा अज्ञात पूर्वजाला परागीभवन ठाऊक होतं, असला दावा करण्याची गरज नाही. त्याने एवढंच पाहिलं असेल की हे फूल झाडावर राहतच नाही. पडलेलं चालत नाही म्हटलं तर देवाला प्राजक्त कधीच मिळणार नाही. पण निरीक्षणातून निघालेली सवलत निसर्गाच्या हिशेबात इतकी चपखल बसावी, हे सुखावणारं आहे खरं. प्राजक्ताची पुराणकथाही मालकीचीच. कृष्णाने स्वर्गातून आणलेलं झाड सत्यभामेच्या अंगणात लागलं आणि फुलं पडली रुक्मिणीच्या अंगणात. सोसायट्यांतल्या भांडणांचा हा आद्य नमुना म्हणायला हरकत नाही.

पूजेच्या बाकीच्या नियमांत सगळी चौकशी फुलाच्या शुद्धतेची आहे. शिळं चालत नाही, किडलेलं चालत नाही, वास घेतलेलं चालत नाही. कळ्या वाहू नयेत. चाफा आणि कमळ यांना सूट. गणपतीला तुळस वर्ज्य, फक्त भाद्रपदातल्या चतुर्थीला चालते. शंकराला केवडा वर्ज्य. आपल्या बागेतलं फूल श्रेष्ठ आणि विकतचं त्याखालचं, असा क्रमही पूजाविधीच्या पोथ्यांत सापडतो. या यादीत झाडाची बाजू जवळजवळ कुठेच येत नाही.

धर्मशास्त्राने फूलचोराचा विचार मात्र पूर्वीच केलेला आहे, आणि निकाल त्याच्या बाजूने आहे! गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात म्हटलं आहे की गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेली-वृक्षांची फुलं आपलीच समजून घ्यावीत. फळं मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच. याज्ञवल्क्य स्मृतीतही द्विजाला गवत, सरपण आणि फुलं कुठूनही घ्यायची मुभा आहे. आकड्याची काठी घेऊन हिंडणाऱ्या काकांना हे वचन कुणी सांगू नये. ही सूत्रं रचली गेली तेव्हा गावाला लागून रान होतं आणि फुलं वेचणाऱ्यांपेक्षा फुलं जास्त होती. शंभर घरांच्या इमारतीत जास्वंदीची झाडं दोन असतात. हे वचन जसंच्या तसं इथे लावणं म्हणजे शास्त्राधार नव्हे, सोय. शिवाय मुभा कुणाला, तर द्विजाला. ज्या माळ्याने झाड राखलं, त्याचं म्हणणं कुणी विचारलेलं दिसत नाही.

माळ्याचं म्हणणं महाराष्ट्राला तेराव्या शतकात ऐकायला मिळालं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात अरण हे गाव आहे. तिथल्या सावता माळी यांनी 1295 मध्ये समाधी घेतली. पंढरपूर हाकेच्या अंतरावर असूनही ते आपला मळा सोडून वारीला गेले नाहीत अशी परंपरा सांगते. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण विठ्ठलाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला येते. ज्याला मळाच देव आहे, तो फूल तोडून वाहणार कुणाला? पण सावता हे रोजचं पाणी धरणारे, भाजी काढणारे माळी होते. खुडणं त्यांना पाप वाटलं असतं, तर मळा पिकला नसता आणि पोटही भरलं नसतं. खुडणारा हात आणि राखणारा हात एकच असणं, हे त्यांच्या भक्तीतलं महत्त्वाचं आहे.

त्यांचेच समकालीन नामदेव जास्त अडचणीत टाकतात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एका पदात ते देवाच्या स्नानासाठी घागरभर पाणी आणतात आणि थबकतात, कारण त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच नांदत आहेत. हार गुंफायला फुलं आणतात, तर भुंगा त्यांचा वास आधीच घेऊन गेलेला. खिरीसाठी दूध आणतात, तर वासराने ते आधीच उष्टावलेलं. विठ्ठल इथेही आहे, तिथेही आहे, मग अर्पण कुणी कुणाला करायचं, असा त्या पदाचा रोख आहे. वास घेतलेलं फूल चालत नाही हा नियम नामदेव शेवटपर्यंत ताणतात आणि तो तिथेच मोडतो. जगात न हुंगलेलं फूल नाही. बोरिवलीच्या गच्चीतल्या गोकर्णावर सकाळी आठच्या उन्हात काळा भुंगा घोंगावताना पाहिला की नामदेवांचं म्हणणं पटायला दुसरा पुरावा लागत नाही. आपली परडी येते ती त्याच्यानंतर.

याच उपनगरांत या प्रश्नाकडे अगदी वेगळ्या बाजूने पाहणारे शेजारी राहतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथे जैन वस्ती मोठी आहे, आणि घरच्या बागेचा बहराचा काळ बराचसा चातुर्मासात येतो. साधू-साध्वी त्या चार महिन्यांत एकाच ठिकाणी राहतात, कारण पावसात जमीन अंकुरांनी आणि किड्यांनी भरलेली असते आणि चालताना त्यांची हिंसा होते. कार्तिकी पौर्णिमेला मुक्काम हलतो. वनस्पती हा जैन विचारात एकेंद्रिय जीव आहे, म्हणजे स्पर्शाचं ज्ञान असलेला. मग पूजेत फूल कसं? या एका फुलावरून पंथ वेगळे झालेले दिसतात. स्थानकवासी मूर्तिपूजाच मानत नाहीत, त्यामुळे फुलाचा प्रश्न उरत नाही. श्वेतांबर मूर्तिपूजक फूल वाहतात, पण ते सुईने ओवू नये, पाकळ्या तोडू नयेत, अशी काळजी सांगतात. दिगंबरांपैकी तेरापंथी ताजं फूल टाळतात आणि केशराने रंगवलेले तांदूळ फुलाच्या जागी ठेवतात. एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गणपतीला लालभडक जास्वंद आणि चौथ्यावर केशरी तांदूळ, दोघांची श्रद्धा सारखीच.

जैनांच्या दशवैकालिक सूत्राचा पहिलाच अध्याय झाडाच्या फुलावर आहे. भुंगा फुलाला इजा न करता थोडा थोडा रस घेतो आणि तृप्त होतो, तशी साधूने घरोघर थोडी थोडी भिक्षा घ्यावी, असं तो सांगतो. पुण्यातल्या गरीब विद्यार्थ्यांनी ज्या माधुकरीवर शिक्षण पुरं केलं, तिच्यामागचा विचार हाच. म्हणजे फुलाशी कसं वागावं हे शिकायला माणूस भुंग्याकडे गेला, ते शिकून माणसांशी वागायला लागला आणि फुलाच्या बाबतीत मात्र विसरला.

यातून सुटकेची एक वाट परंपरेतच आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर संतुष्ट होतो. त्यावर लिहिताना ज्ञानदेव पुढे जातात: पान-फूल हे भजनाचं निमित्त, खरं हवं ते भक्तीचं तत्त्व. पुराणांत तर विष्णूला आवडणाऱ्या आठ फुलांची यादी मिळते आणि त्यांत एकही झाडावरचं नाही. पहिलं फूल अहिंसा. मग इंद्रियनिग्रह, भूतदया, क्षमा अशी सत्यापर्यंतची माळ. मनानेच फूल वाहावं, झाडाला हात लावू नये. ऐकायला हे निर्मळ आहे.

पण इथे जरा थांबावं लागतं. उपनगरातल्या ग्रिलमध्ये तुळस, जास्वंद, तगर, गोकर्ण, दूर्वा, मोगरा का असतात? देवघर आहे म्हणून. पूजेला फूल लागतं म्हणून कुणीतरी रोज सकाळी त्यांना तांब्याभर पाणी घालतं, उन्हाळ्यात गावाला जाताना शेजारणीला किल्ली देऊन जातं. सगळ्यांनी उद्यापासून मानसपूजा धरली, तर वर्षभरात त्या जागी मनी प्लांट आणि क्रोटन येतील. त्यांना नजरेत भरणारं फूल येत नाही आणि त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही, ना माणूस ना भुंगा. फूल तोडण्याच्या रूढीनेच फुलझाडं शहरात टिकवली, ही गोष्ट अहिंसेच्या हिशेबात धरायला हवी. कोरडी अहिंसा बाग लावत नाही.

आणि तोडणं प्रत्येक झाडाला सारखं लागत नाही. हे शरदात जितकं कळतं तितकं इतर ऋतूंत नाही. झेंडूचं फूल वेळेवर खुडलं तर झाड पुन्हा कळ्या धरतं. खुडलं नाही तर बी धरून लवकर वाळतं. (दसऱ्याच्या तोरणात अनादि काळापासून असावा असा वाटणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेला. देवाने त्याचं मूळ गाव विचारलं नाही.) तुळशीचंही तसंच. आश्विनात तिच्या मंजिऱ्या जांभळ्या असतात, कार्तिकात तपकिरी होऊन खुळखुळतात. बी धरलं की झाड थकतं, म्हणून जुन्या बायका मंजिऱ्या खुडून देवाला वाहतात. त्याच बायका द्वादशीला आणि तिन्हीसांजेला तुळशीला हात लावू देत नाहीत. खुडावं, पण रोज नाही आणि वाटेल तेव्हा नाही. गणपतीची लाल जास्वंद इथे सहसा बी धरतच नाही, छाटकलमावरच वाढते. फूल तोडा न तोडा, ते एक-दोन दिवसांत मिटून गळणारच. याउलट तेरड्याची सगळी फुलं रोज तोडली, तर शेंग धरत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात कुंडी रिकामी.

शेवंतीचं प्रकरण सगळ्यांत नवलाचं आहे. ती उन्हाकडे पाहून फुलत नाही, रात्र मोजून फुलते. 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी दिवसाच्या लांबीवर फुलणं अवलंबून असतं हे प्रयोगांनी मांडलं; पुढे कळलं की अशा झाडांना खरी महत्त्वाची असते ती सलग काळोखाची लांबी. मुंबईत जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास येतो. सप्टेंबर उलटला की रात्र दिवसापेक्षा मोठी होते आणि शेवंती कळ्या धरते, बाहेर कितीही उकडत असलं तरी. पण रात्रीच्या काळोखात मध्येच उजेड पडला तर तिचा हिशेब चुकतो. हायवेच्या दिव्यासमोरच्या किंवा सोसायटीच्या हॅलोजनखालच्या कुंडीत शेवंती नुसती पाल्याने वाढत राहते, त्याचं कारण खत नव्हे, उजेड. नवरात्र, कोजागिरी, दिवाळी, शरदातले मोठे सण रात्रीचेच. त्या दिवसांत रात्रभर रोषणाई करणाऱ्या गच्च्यांवर शेवंती रुसून बसलेली असते आणि देवीच्या माळेसाठी ती दादरच्या फूलबाजारातून आणावी लागते.

घटस्थापनेत तर देवघरातच शेत होतं. परातीत माती, तीत धान्य, मध्ये कलश, रोज एक माळ. उजेड कमी म्हणून अंकुर फिकट पिवळे आणि लांबोडे वाढतात. दसऱ्याला ते उपटून टोपीत खोचायचे, केसांत माळायचे. नऊ दिवस वाढवलेलं दहाव्या दिवशी उपटताना कुणाच्या मनात काही येत नाही, कारण ते उपटण्यासाठीच पेरलेलं होतं. आपट्याचं तसं नाही. वरतंतूच्या गुरुदक्षिणेसाठी कौत्साने रघुराजाकडे चौदा कोटी मोहरा मागितल्या आणि कुबेराने आपट्यावर सोनं पाडलं, ही कथा देण्याची आहे. उपनगरांच्या स्टेशनांबाहेर दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिसतात त्या मात्र फांद्याच्या फांद्या तोडून आणलेल्या जुड्या, आणि त्यांत आपट्याऐवजी त्याचा भाऊबंद कांचन बराच. संध्याकाळी चार पानं वाटली जातात. उरलेलं सोनं दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या कचरागाडीत. पेरलेलं उपटणं आणि न लावलेलं ओरबाडणं यांतला फरक दाखवायला हे दोन दिवस पुरेसे आहेत.

घरच्या बागेतला सगळ्यांत अवघड दावेदार मात्र देव नाही, माणूसही नाही. पावसाळ्याच्या शेवटी लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. तो हलतो तेव्हा कळतं की सुरवंट आहे. काही दिवसांत तो पानासारखा हिरवा होतो. काडीने डिवचलं तर डोक्यामागून केशरी दुभंगलेलं शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. तो कॉमन मॉरमॉन, लाइम किंवा नशीब असेल तर ब्लू मॉरमॉन या फुलपाखराचा असतो. ब्लू मॉरमॉनला महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. राज्य फुलपाखरू होण्याआधी त्याला फोडणीचा पाला खावा लागतो! आठवड्याभरात कुंडी बोडकी होते. बहुतेक घरांत हे सुरवंट चिमट्याने उचलून खिडकीबाहेर टाकले जातात आणि मग ऑक्टोबरात फुलपाखरं कमी झाली म्हणून हळहळ व्यक्त होते. भूतदया हे तिसरं फूल वाहायचं असेल, तर त्याची परीक्षा देवळात होत नाही, कढीपत्त्याच्या कुंडीशी होते.

मग तोडायचं की नाही? या लेखापुरता निवाडा असा. ज्याने लावलं आणि राखलं त्याचा खुडण्याचा हक्क मान्य, पण तोही अर्धाच. उरलेलं भुंग्याचं, बियांचं, येणाऱ्या पावसाळ्याचं. दुसऱ्याच्या कुंपणातून देवाचं नाव घेऊन तोडलेलं फूल हे चोरीचंच फूल, गौतमाचं सूत्र त्याला वाचवू शकत नाही. विकतच्या फुलाला कमी लेखायचं कारण नाही. वसईच्या वाड्यांतला सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या लोकलने येतो तो कुणाच्या तरी मेहनतीने, आणि ती मेहनत करणारे हेच सावतोबांच्या वाटेवरचे खरे वारकरी.

चातुर्मासात प्राजक्ताची लाखोली वाहण्याचा नेम काही बायका अजूनही करतात. लाख फुलं चार महिन्यांत, म्हणजे दिवसाला सव्वाआठशेच्या वर. पहाटे उठून एकेक फूल उचलायचं, मोजायचं, चुकलं तर पुन्हा मोजायचं. तोडून हा आकडा दोन-तीन झाडांची वाट लावून चटकन भरता येईल. वेचून तो भरायचा तर झाड देईल तेवढंच, देईल तेव्हाच. या व्रतात भक्ताची कसोटी लागते ती इथे, आणि म्हणूनच ते प्राजक्ताचं असतं तेव्हा जास्त खरं वाटतं.

वाहिलेल्या फुलांचंही एक काम उरतं. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या चारही नद्या नॅशनल पार्क आणि त्याला लागून असलेल्या टेकड्यांच्या बाजूने उपनगरांत उतरतात, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेलं निर्माल्य त्यांच्यात रोज जातं. पिशवी सोडून ते कुंडीत मातीखाली घातलं तर पावसाळ्यापर्यंत त्याची माती होते.

सोसायटीत प्राजक्त असेल तर या आश्विनात एवढं करावं: रात्री झोपायला जाण्याआधी झाडाखालच्या पेव्हर ब्लॉकवर जुनी धुतलेली सुती साडी पसरून ठेवावी, पहाटे तिच्यावर पडेल तेवढंच वेचावं आणि कितीही कमी भरलं तरी फांदी हलवू नये.